रेघ मारली आणि पाय सुटला

जुलैमधला दुसरा रविवार. सकाळचे अकरा वाजून गेलेले, आमच्या गटाची जेमतेम दुसरी बैठक, आणि दारात एक आबा उभे. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, गळ्यात तुळशीची माळ. आत यायचंय, पण पाय उचलेना. टाचा वर होतायत, गुडघे लटलटतायत, चवडे मात्र फरशीला खिळ्यांनी ठोकल्यासारखे. मुलगा दंडाला धरून ओढतोय, "चला की आबा, लोक थांबल्यात." तो जितका ओढतोय तितके आबा घट्ट.

तेवढ्यात समोरच्या खुर्चीतून चित्रकलेचे निवृत्त मास्तर उठले. त्यांचा स्वतःचा उजवा हात अखंड हलत असतो, बिडी वळल्यासारखा अंगठा बोटांवर फिरत असतो. त्यांनी खिशातून खडूचा तुकडा काढला, कष्टानं वाकले आणि आबांच्या पुढ्यात एक आडवी रेघ मारली. दोन विती सोडून दुसरी. मग तिसरी. रेघा वाकड्या, थरथरलेल्या. म्हणाले, "आबा, माणसांकडं बघू नका, रेघ बघा. रेघ ओलांडा." आबांनी मान खाली घातली आणि उजवा पाय उचलला! चांगली ढांग टाकून उचलला! मग डावा. मास्तर पुढं रेघा ओढत चालले आणि आबा मागून ओलांडत आले. नऊ रेघा झाल्या आणि आबा खुर्चीत बसलेसुद्धा. मुलगा अजून दारातच, हात तसाच धरलेला.

मला रडू फुटलं. तीन वर्षं मी माझ्या नवऱ्याला असंच ओढत होते हो! बाथरूमच्या दारात, लिफ्टच्या तोंडाशी, लग्नाच्या हॉलमध्ये चारचौघांत. "अहो, चला ना, काय मुद्दाम करताय का?" असं त्यांना म्हटलेलं आहे मी. आणि उत्तर चार आण्याच्या खडूत होतं.

आम्ही सांगलीचे. हे बँकेतून निवृत्त झाले आणि दोन वर्षांत यांचा डावा खांदा धरला. वर्षभर शेक, तेल, खांद्याचे व्यायाम, सगळं केलं. हात थरथरत नव्हता म्हणून पार्किन्सन्सचा संशय कुणालाच आला नाही, आम्हालाही नाही. हात थरथरला तरच पार्किन्सन्स, हीच आपली समजूत. कंप नसलेलाही पार्किन्सन्स असतो, आणि असे कितीतरी लोक असतात, हे मला फार उशिरा कळलं. शेवटी निदान झालं, गोळ्या सुरू झाल्या, फरक पडला. पण दवाखान्यात आमच्या वाट्याला येतात पाच-सात मिनिटं. त्यात गोळीबद्दल बोलणं होतं. दाराबद्दल होत नाही, उंबरठ्याबद्दल होत नाही, रात्री कूस वळता येत नाही त्याबद्दल होत नाही. म्हणून जूनमध्ये मी आणि शेजारच्या गल्लीतल्या एका वहिनींनी ठरवलं की आपणच जमायचं. पहिल्या बैठकीला पाचजण होतो, त्यात आम्हीच चौघं. काय बोलायचं तेही ठाऊक नव्हतं. चहा प्यालो आणि घरी आलो.

आणि दुसऱ्या बैठकीला हे! घरी येऊन मी वाचायला बसले. सुनेनं शोधून द्यायचं आणि मी वाचायचं, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत. फरशीवरच्या आडव्या रेघांनी पार्किन्सन्सचा अडकलेला माणूस चालतो, हे जेम्स पर्डन मार्टिन नावाच्या ब्रिटिश न्यूरॉलॉजिस्टनं १९६७ साली पुस्तकात लिहून ठेवलंय. १९६७! त्याच वर्षी अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी डोपा मोठ्या मात्रेत देऊन दाखवली, आणि तिथून पुढं आज आमच्या घरी येते त्या लेव्होडोपाच्या गोळीचा रस्ता खुला झाला. गोळी सांगलीपर्यंत पोचली. रेघ पोचली नाही. औषध विकता येतं, रेघ विकता येत नाही, म्हणून तर नसेल? मला खरंच तसं वाटतं.

कारणही समजलं, आणि ते इतकं सुंदर आहे की मी भेटेल त्याला सांगत सुटले. चालणं ही आपल्याला आपोआप येणारी गोष्ट. त्या आपोआपपणाचं काम मेंदूच्या खोल भागात चालतं आणि तिथं डोपामाइन लागतं. या आजारात ते बनवणाऱ्या पेशी मरत जातात आणि आतून येणारा 'चल' हा हुकूम पायापर्यंत पोचेनासा होतो. पण डोळ्यांनी रेघ पाहिली, कानांनी ठेका ऐकला की तो इशारा मेंदूतल्या दुसऱ्या वाटेनं जातो, आणि ती वाट अजून शाबूत असते! नेदरलँड्समध्ये बास ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये अशा एका माणसाची हकिगत छापली. चार पावलं धड टाकता येत नव्हती, पण सायकलवर बसवल्यावर तो गडी रस्त्यानं सरळ सायकल चालवत गेला, वळून परतही आला.

मग माझ्या डोक्यात एकदम लख्ख पडलं. आमच्या गावाकडच्या जुन्या घरात हे कधीच अडकत नाहीत. मला वाटायचं, तिथं यांचं मन रमतं. मनाचा प्रश्नच नाही! तिथं शहाबादी फरशी आहे, काळपट सांध्यांची. दर पावलाला एक रेघ आयती आखलेली. आणि इथं फ्लॅटमध्ये आम्ही हौसेनं मोठ्या गुळगुळीत टाइल्स बसवल्या, सांधा कुठं दिसू नये म्हणून मुद्दाम त्याच रंगाचा भरून घेतला. त्याच दिवशी इलेक्ट्रिकच्या दुकानातून पिवळी चिकटपट्टी आणली आणि बेडरूमपासून संडासापर्यंत आडव्या पट्ट्या मारल्या. रात्री तीनला हे उठले, आणि मला हाक न मारता जाऊन आले. मी जागीच होते. अंधुक दिव्यात त्यांच्या चपलांचा आवाज मोजत होते. पंधरा पावलं गेले, पंधरा आले.

आता गटाचं सांगते. जमायची जागा म्हणजे ओळखीच्या एका गृहस्थांच्या बंगल्याचा तळमजल्याचा हॉल. जागा शोधताना मला एक वेगळीच नजर आली. आधी एक वाचनालयाची खोली मिळत होती, फुकट, पण जिना चढून. मग एक सभागृह पाहिलं, तिथला संडास बाहेर आणि बसका. खुर्ची हातांची हवी, नाहीतर उठता येत नाही. कप मोठा आणि चहा निम्मा हवा. वेळ सकाळी अकराची, कारण बहुतेकांची सकाळची गोळी तेव्हा अंगात भिनलेली असते. चारची वेळ ठेवली असती तर निम्मे लोक गोळी उतरल्यामुळं घरातच राहिले असते. आणि निरोप फोन करूनच द्यायचा, एकेकाला. ग्रुपवर टाकलेला निरोप वाचला जातो, पण थरथरत्या बोटानं उत्तर टाइप करणं नको होतं, आणि मग माणूस येणंच टाळतो. हे सगळं चुकत चुकत शिकले.

आमच्याकडं कुणी कुणाला पेशंट म्हणत नाही. पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ हे काम कितीतरी आधीपासून करतंय, आणि त्यांच्या बोलण्यात दोन शब्द असतात. ज्याला आजार आहे तो शुभार्थी, जो त्याला सांभाळतो तो शुभंकर. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला ते जरा पुस्तकी वाटले. पण 'मी यांची शुभंकर' असं चारजणांत मोठ्यानं म्हटलं ना, तेव्हा पाठ ताठ झाली माझी. तोवर मी नुसतीच थकलेली बायको होते.

आणि आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला ती. सप्टेंबरची बैठक होती. शुभार्थी बाहेर व्यायाम करत होते, आम्ही सहा-सात बायका आत भडंगाला फोडणी देत होतो. एक वहिनी कढईकडं बघत हळूच म्हणाल्या, "आमचे हे माझ्याशी हसतच नाहीत आता. काय चुकलं माझं, कळत नाही." स्वयंपाकघर एकदम गप्प झालं. मग दुसरी म्हणाली, आमच्याकडंही. तिसरी म्हणाली, मी पुरणपोळ्या केल्या, यांनी दगडासारखं तोंड करून खाल्ल्या, मी रात्रभर जागी. आणि मी! मी तर तीन वर्षं धरून बसले होते की यांचा माझ्यावर राग आहे. नातू झाला तेव्हा त्याला मांडीवर घेतलं, तर चेहऱ्यावर रेषसुद्धा हलली नाही. मी मनात म्हटलं होतं, इतकं कसं कोरडं झालं हे माणूस?

तिथं एक फिजिओथेरपिस्ट मुलगी होती, आमच्यातल्याच एकीची भाची. ती म्हणाली, "मावशी, ते स्नायू आहेत. हातापायांसारखा चेहराही ताठरतो. आत हसू येतं, बाहेर उमटत नाही."

भडंग करपलं. कुणाचं लक्ष नव्हतं. आम्ही सगळ्याजणी बाहेर गेलो आणि आपापल्या माणसाकडं बघत उभ्या राहिलो. घरी आल्यावर मी यांना विचारलं, नातवाला घेतलं तेव्हा काय वाटलं होतं हो? हे बराच वेळ बोलले नाहीत. मग त्या बारीक झालेल्या आवाजात म्हणाले, "तेव्हा मी खूप हसलो होतो. तू पाहिलं नाहीस?"

आता आमच्याकडं पद्धत आहे, हसू आलं की हे माझा हात दाबतात. दिवसातून पाच-सहा वेळा तरी दाबतात. इतके हसतात हे, आणि मला ठाऊकच नव्हतं!

असं एकेका बैठकीत एकेक दार उघडत गेलं. एकदा सहज विचारलं की कुणाचा वास गेलाय का. चौदापैकी नऊ हात वर! गणपतीतला उदबत्तीचा वास नाही, हापूसचा नाही, गॅस गळला तरी पत्ता नाही. आणि हे बहुतेकांचं आजार दिसायच्या कितीतरी वर्षं आधीपासून. झोपेत लाथा मारणं, ओरडणं, बद्धकोष्ठ, तेही आधीपासून. एकेकटं घरात हे कुणाला जोडून बघायला सुचणार?

वासावरून आठवलं, स्कॉटलंडमधल्या जॉय मिल्न यांची हकिगत तुम्हाला सांगायलाच हवी. निवृत्त नर्स. नाक विलक्षण तिखट. नवऱ्याच्या अंगाचा वास बदललाय, असं त्यांना निदानाच्या दहाएक वर्षं आधीच जाणवलं होतं. पण तो वास म्हणजे आजाराचा, हे कधी कळलं? नवऱ्याला घेऊन त्या पार्किन्सन्सच्या लोकांच्या बैठकीला गेल्या तेव्हा! खोलीभर तोच वास! पुढं एडिंबरा विद्यापीठातल्या टिलो कुनाथ यांनी त्यांच्यापुढं बारा टी-शर्ट ठेवले, सहा आजार असलेल्यांचे, सहा नसलेल्यांचे. त्यांनी सहाच्या सहा बरोबर ओळखले आणि एक निरोगी माणसाचा शर्टही आजाऱ्याचा म्हणून बाजूला काढला. काही महिन्यांनी त्या माणसालाही पार्किन्सन्सचं निदान झालं. आता त्वचेवरच्या तेलकट स्रावावरून आजार लवकर ओळखता येईल का, यावर मँचेस्टरला संशोधन चाललंय. आणि त्याची सुरुवात कुठं झाली? आमच्यासारख्याच एका खोलीत, जिथं काही माणसं नुसती एकत्र बसली होती.

न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्येही तेच झालं. तिथल्या पार्किन्सन्सच्या स्थानिक गटानं २००१ मध्ये मार्क मॉरिस यांच्या नृत्यसंस्थेला विचारलं, आमच्या लोकांना नाच शिकवाल का? त्यातून 'डान्स फॉर पीडी' उभं राहिलं आणि कितीतरी देशांत पोचलं. पुण्यात हृषीकेश पवार यांनी शुभार्थींना नृत्य शिकवलं. ते वाचून मी आमच्या बैठकीत म्हटलं, आपणही नाचूया. सगळे पुरुष खाली बघायला लागले. सांगलीत सत्तरीच्या माणसाला नाच म्हणणं म्हणजे... पण आबा म्हणाले, "नाच नको. पावली घेऊया." पुढच्या बैठकीला ते टाळ घेऊन आले. वीसेक वर्षं वारीला गेलेला माणूस, आमच्याकडं येण्याआधी चार वर्षं घराबाहेर न पडलेला. टाळ हातात घेताना हात थरथरत होता, आणि पहिला ठोका पडला तसा थरथराट कमी झाला. माझ्या डोळ्यांदेखत. ज्ञानबा-तुकारामचा गजर सुरू झाला आणि आबांनी पाऊल टाकलं, एक पुढं, झुकून, मग मागं, मग पुढं. दारात नऊ रेघा लागलेला माणूस हॉलभर पावली खेळत फिरला! त्यांच्या मागं मास्तर, त्यांच्या मागं माझे हे. टाळाचा प्रत्येक ठोका म्हणजे कानासाठी मारलेली रेघच की! आपल्या मातीत हे औषध किती शतकं पडून आहे, आणि आपण दाराशी माणसांना ओढत बसलोय.

त्या दिवसापासून प्रत्येक बैठकीची सुरुवात पावलीनं होते. त्यानंतर आवाजाचा व्यायाम. या आजारात आवाज बारीक होतो आणि माणसाला स्वतःला ते कळतच नाही, त्याला वाटतं आपण नीटच बोलतोय, बायकोलाच कमी ऐकू येतंय. मिरज शेजारी, तंतुवाद्यांचं गाव. तिथल्या एका शुभंकर ताईंनी तंबोरा आणला. तंबोऱ्यावर सगळ्यांनी पोटातून 'आ' लावायचा, जमेल तितका मोठा आणि जमेल तितका लांब. पहिल्या दिवशी वॉचमन धावत आला होता.

मग दुरेघी वही. यांची सही बारीक होत होत मुंगीएवढी झाली. एका बँकेनं सही जुळत नाही म्हणून चेक परत केला. चाळीस वर्षं बँकेत दुसऱ्यांच्या सह्या तपासलेल्या माणसाचा! त्या दिवशी हे जेवले नाहीत. मास्तरांनी सांगितलं, पहिलीतली दुरेघी वही आणा, दोन रेघांना टेकवून अक्षर काढा. आता टेबलाभोवती सहा-सात म्हातारे पुरुष दुरेघी वहीवर मान घालून मोठं मोठं 'अ आ इ' गिरवतात. सही पुन्हा सही दिसायला लागलीय.

एका गोष्टीचं मात्र मला फार लागतं. आमच्याकडं चौदा शुभार्थी, त्यात बायका दोन. हा आजार पुरुषांना जास्त होतो हे खरं, पण इतका फरक नाही. मग बायका कुठं आहेत? घरात आहेत. हात थरथरतोय म्हणून भाकरी थापता येत नाही, लाजेनं कुणाला सांगत नाहीत, आणि त्यांना रविवारी अकरा वाजता घेऊन येणारं कुणी नाही. नवऱ्याला आणणाऱ्या बायका मला भरपूर मिळाल्या. बायकोला आणणारा नवरा एक. म्हणून आम्ही आता घरी जाऊन बोलावणं करतो, हळदीकुंकवाला बोलावतात तसं.

नियम आमचा एकच आहे, पण कडक. गोळीबद्दल हवं तेवढं बोलायचं, दुसऱ्याचं ऐकून गोळी बदलायची नाही. एकांनी खाजकुइलीच्या बियांचं चूर्ण आणलं होतं, सगळ्यांना वाटायला. आयुर्वेदात कंपवातावर ते आहे, आणि त्यात खरोखरच लेव्होडोपा असते. पण म्हणूनच तर भीती! गोळीत तीच, चूर्णात तीच, मात्रा कोण मोजणार? ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच. उलट दुधाची गोष्ट सांगण्यासारखी. एक काका सिंडोपाची, म्हणजे लेव्होडोपाचीच, गोळी रोज पेलाभर दुधाबरोबर घ्यायचे, ताकद येते म्हणून, आणि दुपारपर्यंत अंग लाकूड. प्रथिनं आणि ही गोळी शरीरात एकाच वाटेनं शिरतात आणि वाटेत चेंगराचेंगरी होते. डॉक्टरांना विचारून ते आता जेवणाआधी अर्धा तास पाण्याबरोबर घेतात. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी फोन केला, सदऱ्याची बटणं स्वतः लावली म्हणून. फक्त तेवढं सांगायला फोन!

आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ज्या एकवीस प्रकारच्या अपंगत्वांची नोंद आहे, त्यात पार्किन्सन्स आहे, हे आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. आता चौघांचे प्रमाणपत्राचे कागद एकत्र करून दिलेत. ते काम संथ आहे. चाललंय.

परवा तासगावहून फोन आला. आवाज तरुण होता, दबका, बहुतेक गच्चीवर जाऊन बोलत असावी. म्हणाली, "सासूबाईंना आणायचं होतं. त्या नको म्हणतात. दारात अडकतात ना, लोक बघतात." मग जरा थांबून, "तुमच्याकडं जिना आहे का?"

मी म्हटलं, जिना नाही. उंबरठाही नाही. आणि गेटपासून खुर्चीपर्यंत रेघा मारून ठेवल्यात. येत्या रविवारी मास्तर गेटवरच उभे राहतील, खडू घेऊन.